हातातून काही निघत नाही

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री भान हरपून मागे कोसळते आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेले हे शिल्प इतके जिवंत उतरले आहे, की त्या बोटांतून काहीतरी निघते आहे आणि त्या बाईला पाडते आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. शिल्प म्हणून ते थोर आहे. पण फारियाने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जीव तोडून जे सांगितले, ते याच्या नेमके उलट होते. हातातून काही निघत नाही, संमोहनाने निजवणाऱ्याकडे कसलीही शक्ती नसते, जे घडते ते निजणाऱ्याच्या आत घडते, असे तो सांगत होता. पॅरिसमध्ये हे ऐकून घ्यायला फार थोडे लोक तयार होते. आजही फार थोडे आहेत, आणि हे पुस्तक लिहिण्याचे कारण तेच आहे.

संमोहनावर मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. पण त्यातले पुष्कळसे लेखन ‘इतरांवर प्रभाव कसा पाडावा’ या अंगाने जाते. रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर मुखपृष्ठावरचे दोन भेदक डोळे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या डोळ्यांत बळ आहे आणि समोरचा माणूस दुबळा आहे, हे त्यात गृहीतच असते. हा समज मूळचा फारियाचा नाही, मेस्मेरचा आहे. म्हणून सुरुवात मेस्मेरपासून करायला हवी.

फ्रान्झ आंतोन मेस्मेर १७३४ साली कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या इत्सनांग या खेड्यात जन्मला. व्हिएन्नाला तो वैद्यक शिकला आणि ग्रहांचा मानवी शरीरावर होणारा परिणाम या विषयावर त्याने १७६६ साली प्रबंध लिहिला. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिलेला आहे, तो शरीरात अडला की रोग होतो आणि तो वाहता केला की रोग जातो, अशी त्याची धारणा होती. आधी तो लोहचुंबक वापरत असे. पुढे आपल्या हातातूनच ते चुंबकत्व वाहते अशी त्याची खात्री पटली. १७७८ साली तो पॅरिसला आला आणि बघता बघता तिथल्या बड्या घरांतून त्याचे नाव झाले. मोठ्या ओकच्या पिंपात पाण्याच्या बाटल्या, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी कांबी, भोवती दोरीने जोडलेले रुग्ण, मंद उजेड, काचवाद्याचे सूर, आणि जांभळ्या रेशमी झग्यात फिरणारा मेस्मेर. थोड्या वेळाने कुणीतरी थरथरू लागे, ओरडू लागे, आचके देऊ लागे. मग दुसरी, मग तिसरी. या आचक्यांना तो रोगमुक्तीची खूण मानत असे.

राजा सोळाव्या लुईने १७८४ साली चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, लाव्हाझिए होता, खगोलशास्त्रज्ञ बाय्यी होता, गियोतँही होता. या मंडळींनी जे केले ते मला विज्ञानाच्या इतिहासातले एक अतिशय देखणे काम वाटते. पासी येथे फ्रँकलिनच्या बागेत मेस्मेरचा शिष्य देस्लाँ याने एक झाड चुंबकित केले. डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला बागेतल्या वेगळ्याच झाडांपाशी एकेक करून नेण्यात आले. पहिल्यापाशी त्याला घाम फुटला, खोकला आला. चौथ्यापाशी तो बेशुद्ध होऊन पडला, आणि खरे झाड तर बरेच दूर होते. एका बाईला साध्या पाण्याचे पेले दिले, चुंबकित पाणी म्हणून. तिला झटका आला. मग तिला सावरण्यासाठी खरोखरच चुंबकित केलेले पाणी दिले, ते ती शांतपणे प्यायली. आयोगाचा निष्कर्ष असा, की चुंबकत्वाशिवाय नुसत्या कल्पनेने आचके येतात. कल्पनेशिवाय नुसत्या चुंबकत्वाने काहीच होत नाही.

इथे एक मोठी संधी हुकली. कल्पनेने इतके होते, तर ही कल्पना आहे तरी काय, हा पुढचा प्रश्न आयोगाने विचारला नाही. द्रव नाही हे सिद्ध झाले आणि आयोगापुरते प्रकरण मिटले. एका मुलाचे शरीर केवळ समजुतीने जमिनीवर कोसळते ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत घडली होती, आणि तिची नोंद त्यांनी ढोंग पकडल्याच्या सुरात केली. तो न विचारलेला प्रश्न जवळजवळ तीस वर्षांनी एका गोमंतकीय पाद्र्याने हातात घेतला.

जुझे कुस्तोदियो द फारिया १७५६ साली बार्देशातल्या कांदोळी गावी जन्मला. आईवडील पुढे विभक्त झाले. वडिलांनी पाद्री होण्याचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण केले, आई जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात जोगीण झाली. १७७१ साली बाप-लेक लिस्बनला गेले, तिथून मुलगा रोमला गेला आणि धर्मशास्त्राचा पंडित झाला. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना त्याची वाचा बसली, आणि मागून बापाने कोकणीत ‘कातर रे भाजी’ असे हळूच सांगितल्यावर ती मोकळी झाली, ही आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. सूचनेच्या शक्तीचा पहिला धडा त्याला तिथेच मिळाला असे काही जण मानतात. आख्यायिका गोड आहे; तिच्यावर सिद्धान्त उभारायचे कारण नाही.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. त्या कटवाल्यांशी या बाप-लेकांचे संबंध होते. पुढच्याच वर्षी फारिया पॅरिसला गेला आणि वर्षभरात क्रांतीच्या वणव्यात सापडला. १७९५ च्या पॅरिसमधल्या उठावात त्याने एका तुकडीचे नेतृत्वही केले. चुंबकविद्या तो शिकला मार्की द प्युसेगुर या सरदाराकडून. प्युसेगुरची हकिगत या पुस्तकात सविस्तर येईल. इथे एवढेच, की १७८४ साली ब्युझांसी गावी त्याने व्हिक्टर रास नावाच्या तेवीस वर्षांच्या शेतकरी पोराला निजवले, तेव्हा आचके-बिचके काही आले नाहीत. पोरगा शांत झोपला आणि त्या झोपेत एरवीपेक्षा अधिक समंजसपणे बोलू लागला. जागा झाल्यावर त्याला काही आठवत नव्हते. प्युसेगुरने मेस्मेरच्या द्रवापेक्षा आपल्या इच्छाशक्तीला अधिक महत्त्व दिले. सत्ता मात्र अजूनही निजवणाऱ्याच्याच हाती होती.

ती सत्ता फारियाने काढून घेतली. १८१३ साली पॅरिसच्या रू द क्लिशी या रस्त्यावर त्याने जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेश पाच फ्रँक. पद्धत अगदी साधी. माणसाला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे, सगळे निवांत झाले की मोठ्याने एकच आज्ञा करायची, ‘झोपा!’ नाहीच जमले तर उघडा तळहात डोळ्यांपुढे धरून हळूहळू जवळ आणायचा. पिंप नाही, कांबी नाहीत, अंगावरून तासन्‌तास हात फिरवणे नाही. काही जण झोपत, पुष्कळ जण झोपत नसत, आणि हे तो स्वतःच सांगे. साध्या पाण्याला मद्याची चव यावी, जागे झाल्यावर ठरावीक कृती हातून घडावी, असे प्रयोग तो करून दाखवी. सूचना हा शब्द पुढे ज्या अर्थाने रुळला, त्याचे सगळे सामान तिथे मांडलेले होते.

पॅरिसच्या लोकांना मात्र तो जादूगार हवा होता. सावळा वर्ण, उंच देह, पूर्वेकडचा माणूस. त्यानेही आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नावापुढे ‘ब्राह्मण’ असे छापून घेतले, म्हणजे या आकर्षणाचा थोडा उपयोग त्यानेही केला. पण व्यासपीठावर उभा राहून तो जे सांगे, ते त्या आकर्षणावरच पाणी ओतणारे होते. माझ्यात काही नाही, निजणारा स्वतःच्या एकाग्रतेने निजतो, मी फक्त निमित्त. दैवी सामर्थ्य बघायला पाच फ्रँक मोजून आलेल्यांना हे कसे रुचावे? द्रववादी मेस्मेरपंथीयांना तो घरभेदी वाटला, धर्मपीठाच्या लोकांना सैतानाचा हस्तक वाटला, आणि १८१६ साली ‘ला मान्येतिस्मोमानी’ नावाच्या प्रहसनाने त्याला रंगभूमीवर हास्यास्पद केले. वर्ग ओस पडले. धर्मोपदेशकाच्या एका साध्या नोकरीत त्याने उरलेले दिवस काढले. २० सप्टेंबर १८१९ रोजी तो वारला. जागृत निद्रेच्या कारणांवरील त्याच्या नियोजित चार खंडांपैकी पहिलाच त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे अलेक्झांडर द्यूमाने ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’त त्याचे नाव घेऊन एक इटालियन कैदी पाद्री रंगवला, आणि जगाला खऱ्या फारियापेक्षा तोच अधिक ठाऊक झाला.

फारियाचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. रक्त पातळ असलेली माणसे लवकर निजतात असे तो मानी. निजलेल्याला दूरच्या गोष्टी दिसतात, रोगाचे निदान करता येते, यावरही त्याचा विश्वास होता आणि त्याचे स्पष्टीकरण तो आत्म्याच्या स्वरूपात शोधत होता. तो आपल्या काळाचा माणूस होता. त्याने ही विद्या भारतातून, योगातून किंवा गोव्याच्या देवळांतून नेली असेही अभिमानाने लिहिले जाते. मला हा अभिमान पोकळ वाटतो. पंधराव्या वर्षी गोवा सोडलेल्या आणि रोमच्या ख्रिस्ती धर्मशास्त्रात घडलेल्या माणसाच्या स्वतंत्र बुद्धीचे श्रेय त्याच्याकडून काढून आपल्या मातीला देण्यात त्याचा गौरव नाही. त्याने जे पाहिले ते पॅरिसच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांत, डोळे उघडे ठेवून पाहिले.

त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी भारतात जे घडले ते या पुस्तकातले सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण आहे. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एसडेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता. ४ एप्रिल १८४५ रोजी त्याने तुरुंगाच्या रुग्णालयात माधव कौडा या कैद्यावर पहिला प्रयोग केला. अंडवृद्धीवरच्या उपचाराने तो वेदनांनी तळमळत होता. एसडेलने वाचलेल्या माहितीच्या आधारे त्याच्यावरून हात फिरवले, आणि काही वेळाने तो टाचणी टोचली तरी न हलण्याइतका निजला. पुढच्या आठ महिन्यांत अशा झोपेत केलेल्या त्र्याहत्तर शस्त्रक्रियांची यादी एसडेलने प्रसिद्ध केली. हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठी काढणे, अवयव कापणे, स्तन काढणे, हे सारे क्लोरोफॉर्म येण्यापूर्वी. त्या काळची शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी दाबून धरलेला रुग्ण आणि जितका हात चपळ तितका डॉक्टर मोठा. हे ध्यानात घेतले म्हणजे हुगळीत काय घडत होते त्याची किंमत कळते.

निजवण्याचे काम एसडेल स्वतः फारसा करत नसे. ते त्याचे तरुण भारतीय मदतनीस करत. अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या उशाशी बसून, त्याच्या चेहऱ्यावर वाकून, अंगावरून न टेकता हात फिरवत तासन्‌तास, कधी लागोपाठ काही दिवस. एसडेलच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. बंगालमधल्या एका नामांकित मांत्रिकाला त्याने उपचार करताना पाहिले: पाण्याचे भांडे, पानांची डहाळी, अंगावरून ती फिरवणे, पुटपुटणे, फुंकर. एसडेलला ते पाहून वाटले, की हा तर मेस्मेरिझमच. त्याच्या मदतनिसांनाही उलट बाजूने तसेच वाटले नसेल कशावरून? झाडफूक त्यांच्या लहानपणापासूनची ओळखीची होती आणि रुग्णांच्याही.

१८४६ साली सरकारने समिती नेमली आणि नंतर कलकत्त्यात प्रायोगिक रुग्णालय दिले. समितीने नोंदवले की शस्त्रक्रियेत काही रुग्णांचे हात झटके देत, चेहरा वेडावाकडा होई, पण जागे झाल्यावर ते काहीच दुखले नाही असे सांगत. त्या रुग्णांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कैदी, गरीब, समोर गोरा डॉक्टर आणि त्याच्या मागे सरकार. दुखले असते तरी त्यांनी काय सांगितले असते? तरीही सगळे भीतीपोटी होते असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण गाठी निघाल्या, माणसे वाचली, आणि रुग्ण लांबलांबून आपणहून येत राहिले. दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच हा इतिहास वाचावा लागतो. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले. सुंगवले की मिनिटांत गुंगी, आणि तीही प्रत्येकाला. एसडेल १८५१ साली मायदेशी परतला. मरेपर्यंत तो हातातून निघणाऱ्या द्रवावर विश्वास ठेवून होता. काम खरे आणि समजूत चुकीची, असे एकाच माणसात नांदू शकते.

तिकडे इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या डॉक्टरने त्याआधीच, १८४१ साली, एका फिरत्या मेस्मेरतज्ज्ञाचा खेळ पाहिला आणि निजलेल्याच्या पापण्या खरोखरच उघडत नाहीत हे त्याच्या नजरेला पडले. घरी येऊन त्याने मित्राला वाइनच्या बाटलीच्या गळ्याकडे टक लावून बसवले. मित्र निजला. बाटलीकडे काही चुंबकत्व नव्हते. ‘हिप्नॉटिझम’ हे नाव आज जगभर रुळले ते ब्रेडच्या लेखनामुळे. त्यानंतर फ्रान्समध्ये पॅरिसचा डॉक्टर शार्को आणि नान्सी शहरातले डॉक्टर लिएबो व बर्नहाइम यांच्यात वाद पेटला. शार्कोच्या रुग्णालयात संमोहित स्त्रिया ठरावीक तीन टप्प्यांतून जात. नान्सीवाल्यांना ते टप्पे कुठेच दिसेनात. १८९३ साली शार्को गेला आणि त्याच्याबरोबर ते टप्पेही गेले. नान्सीचा बर्नहाइम म्हणत होता की हे सगळे सूचनेने होते, आणि फारियाचे ऋण त्याने मान्य केले.

या साऱ्यातून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मेस्मेरच्या पिंपाभोवती आचके येत, प्युसेगुरकडे शांत झोप येई, शार्कोकडे तीन टप्पे येत. जिथे जशी अपेक्षा तशी अवस्था. आपल्याकडे जागरणात, गोंधळात, संबळ-हलगीच्या ठेक्यावर अंगात येते ते कुठल्या क्षणी? आरती टिपेला पोचली की, ओटी भरली जाताना, भंडारा उधळला की. बाईच्या अंगात देवी येते तेव्हा तिचे केस सुटतात, हात कसे हलावेत हेही तिला ठाऊक असते, कारण ते तिने लहानपणापासून पाहिलेले असते. म्हणून ती ढोंग करते असे म्हणणे हीच फ्रँकलिनच्या आयोगाची चूक पुन्हा करणे आहे. त्या मुलाला खरोखरच घाम फुटला होता. तिचाही घाम खरा असतो. घरात जिला कुणी दोन वाक्ये पुरी बोलू देत नाही, तिच्या पायाशी त्या अर्ध्या तासात सासरा बसतो, हेही खरे असते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अंगात येणे हा गुन्हा ठरवलेला नाही. अंगात आल्याचे भासवून लोकांना भीती घालणे, धमकावणे हा गुन्हा ठरवला आहे. हा फरक मला नेमका आणि न्याय्य वाटतो.

आजच्या प्रयोगशाळांनी काय शोधले? १९५९ साली स्टॅनफर्डला संमोहनक्षमता मोजण्याचे बारा कसोट्यांचे प्रमाण तयार झाले. साधारण दहा-पंधरा टक्के लोक अत्यंत संमोहनक्षम असतात, जवळपास तितक्यांवर फारसा परिणाम होत नाही, बाकीचे मध्ये. त्याच माणसांना पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा त्यांची क्षमता बरीचशी तशीच आढळली. ती निजवणाऱ्याच्या डोळ्यांवर नव्हे, निजणाऱ्याच्या घडणीवर अवलंबून असते, हे आता मोजून दाखवता येते. १९९७ साली माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांचे हात कढत पाण्यात ठेवून, संमोहनात वेदनेचा त्रास कमी किंवा जास्त वाटेल अशी सूचना दिली. तेव्हा मेंदूतल्या त्रासाशी निगडित भागाचे काम बदलले, स्पर्श-वेदना नोंदवणारा भाग मात्र जवळपास तसाच राहिला. हुगळीच्या रुग्णांचे हात झटके देत होते आणि तरी ते दुखले नाही म्हणत होते, त्याकडे पाहण्याचा एक नवा मार्ग इथे मिळतो. मँचेस्टरमध्ये १९८४ साली आतड्याच्या जुनाट तक्रारींवर झालेल्या चाचणीत संमोहनाचा स्पष्ट उपयोग दिसला. बाळंतपण, भाजलेल्या जखमांची मलमपट्टी, दंतवैद्यक, अशा ठिकाणी ते मदतीला येते.

तितक्याच ठामपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. संमोहनात आठवणी अचूक होतात ही समजूत खोटी आहे. होते ते असे, की कल्पलेले दृश्य आठवण म्हणून बसते आणि त्यावरचा विश्वास मात्र वाढतो. यामुळेच अमेरिकेतल्या अनेक राज्यांत संमोहनाखाली मिळवलेल्या साक्षीवर न्यायालयांनी बंधने घातली. आपल्या शहरांत पूर्वजन्म दाखवणारी शिबिरे भरतात. तिथे दिसलेला पूर्वजन्म हा फ्रँकलिनच्या बागेतल्या चौथ्या झाडासारखा आहे. आणि त्यापायी कुणी आपल्या जिवंत आईबापांवर नसलेले आरोप करू लागले, औषध सोडू लागले, तर त्याची भरपाई कुणी करत नाही.

या पुस्तकात निजवण्याची कृती शिकवलेली नाही, हे आधीच सांगतो. ज्यांना ती हवी त्यांची निराशा होईल. पण ज्यांना दुखण्यासाठी, भीतीसाठी, व्यसनासाठी संमोहनोपचार घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी ते नक्की आहे. अशा वाचकांना माझी विनंती आहे. उपचार करणाऱ्याकडे वैद्यकाची किंवा मानसशास्त्राची रीतसर पदवी आहे का, ते आधी विचारा. चालू औषधे सोडायला सांगत असेल तर तिथे थांबू नका. मग एकच प्रश्न विचारा: हे नेमके कोण करणार, तुम्ही की मी? ‘माझ्या शक्तीने’ असे उत्तर आले तर पैसे परत मागा आणि उठून या.